मर्यादा कोणाची मानायची?



धम्मदीक्षेनंतर पुष्कळ घरांत एकच प्रश्न निघतो : “आपल्याला स्वातंत्र्य आहे म्हणतात, ते कुठवर?” गावातील कोणी म्हणतो, “रीत मोडू नका.” आपल्यातलाच एखादा तरुण म्हणतो, “आता आम्ही काहीही बोलू.” ही दोन्ही मते घटनेत बसत नाहीत.

घटनेच्या १९ व्या कलमात आज सहा स्वातंत्र्ये आहेत : भाषण, शांततेने व विनाशस्त्र जमणे, संस्था काढणे, देशभर संचार, कोठेही वस्ती आणि कोणताही व्यवसाय. मुळात सात होती. मालमत्तेचे सातवे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने वगळले. श्रद्धेचे व धर्माचे स्वातंत्र्य २५ व्या कलमात आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, कलम २३ ने वेठ बंद केली. म्हणून मेलेले ढोर ओढायला नकार देणे ही मुजोरी नव्हे, तो हक्क आहे.

आता मर्यादा. भाषणावर निर्बंध घालायचा तर तीन गोष्टी लागतात : तो कायद्याने घातलेला हवा, सार्वजनिक सुव्यवस्था, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी अशा घटनेत दिलेल्या कारणांसाठीच हवा, आणि वाजवी हवा. वाजवी की नाही, हे न्यायालय ठरवते. गावकीची नाराजी या यादीत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी हा फरक घटनेच्या आधीच आचरून दाखविला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी तेथे पाणी प्यालेल्यांना मारहाण झाली. ती रूढीची मर्यादा बाबासाहेबांनी मानली नाही. पण त्याच डिसेंबरात न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आला, तेव्हा हजारो लोक जमले असूनही त्यांनी तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढविला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली, पण हक्क पक्का झाला.

हाच धडा आपल्या राहू बेटातील वस्त्यांनी घ्यावा. जयंतीची मिरवणूक काढणे हा हक्क आहे. पोलीस वेळ व मार्ग ठरवू शकतात; परंतु १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, रस्त्यावरील सभा मनमानीने नाकारण्याचा अधिकार त्यांना देता येत नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नकार आला तर तोही लेखी मागा. रात्री दहानंतर कर्णा बंद ठेवण्याचा नियम सर्वांना सारखाच आहे. तो पाळण्यात कमीपणा नाही.

बावीस प्रतिज्ञा आपल्या आहेत. आम्ही देव का सोडले हे सांगावे, पटवावे. मात्र शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यासमोर जाऊन त्याला डिवचू नये. धर्मप्रसाराच्या हक्कात सक्तीने धर्मांतर करविणे येत नाही, असे न्यायालयाने १९७७ साली सांगितले. भगवान बुद्धांनी तर ‘या आणि पाहा’ एवढेच म्हटले.

कायदा बोलणाऱ्याला बाहेरून आवरतो, सम्यक् वाचा आतून आवरते. ज्याच्याजवळ दुसरी आहे, त्याला पहिलीचे भय नाही.

विहारात चर्चेसाठी प्रश्न : (१) आपल्या वस्तीवर आज कोणती बंधने आहेत? (२) त्यांतील कायद्याची किती आणि रूढीची किती?

जय भीम!

— एक शिक्षक, राहू (ता. दौंड)