‘हार्डवर्किंग’चं युनिट काय?

कॅम्पसचा सीझन जवळ आला की हॉस्टेलवर एक फाइल फिरायला लागते. मागच्या बॅचमधल्या कुणाचा तरी रेझ्युमे! त्यात नाव बदलायचं, टक्के बदलायचे, प्रोजेक्ट बदलायचा. खालचे चार शब्द मात्र जसेच्या तसे राहतात : हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेयर, क्विक लर्नर. आता काही जण एआयकडून लिहून घेतात, पण तिथूनही बहुधा हेच शब्द इस्त्री करून परत येतात.

शब्द वाईट नाहीत हो. पण आपण इंजिनिअरिंगवाले. ड्रॉइंग शीटवर ‘शाफ्ट बराच जाड घ्यावा’ असं लिहिलं तर सर ती शीट तपासतील तरी का? तिथे 25 मि.मी. लिहावं लागतं, टॉलरन्स द्यावा लागतो, कारण दुसऱ्या माणसाला ते मोजून बघता आलं पाहिजे. मग स्वतःबद्दल लिहिताना ‘बराच मेहनती’ कसं चालतं? टेबलापलीकडच्या माणसाकडे ते मोजायला कुठला व्हर्निअर असतो?

ज्यांच्या जन्मदिवशी, 15 सप्टेंबरला, आपण इंजिनिअर्स डे साजरा करतो ते विश्वेश्वरय्या बघा. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले. त्यांना ‘कल्पक आणि कष्टाळू’ म्हटलं तर काहीच कळत नाही. आता हे वाचा : ‘खडकवासला धरणाच्या सांडव्यावर 1903 मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवले, धरण उंच न करता पाणीसाठा वाढवला.’ यात स्तुतीचा एकही शब्द नाही. काय केलं, कुठे, कधी आणि त्याने काय झालं, एवढंच आहे. ‘कल्पक’ हा शब्द वाचणारा स्वतःच मनात म्हणतो.

आपल्या नावावर धरण नसतं, मान्य. प्रोजेक्ट तर असतो! समजा चौघांनी मिळून कांद्याची प्रतवारी करणारं यंत्र बनवलं. रेझ्युमेत येतं ‘वी डिझाइन्ड अँड फॅब्रिकेटेड’. मुलाखतीत प्रश्न येतो, “यात तू काय केलंस?” आणि भलेभले इथे गडबडतात. कारण काम केलेलं नसतं असं नाही. ‘मी मी करू नये’ हे आपण घरी ऐकतच वाढलेलो असतो. दासबोधातल्या मूर्खलक्षणांत समर्थांनीही स्वतःची स्तुती करणाऱ्याला बसवलं आहे. त्यामुळे ‘मी केलं’ म्हणताना जीभ अडखळते आणि आपण ‘आम्ही’च्या आड लपतो.

माझ्या मते इथे दोन गोष्टींची गल्लत होते. ‘मी फार हुशार आहे’ ही स्तुती झाली. ‘ट्रायलला पट्टा घसरत होता, मी आयडलर पुली लावून पट्ट्याचा पुलीवरचा वेढा वाढवला’ हा रिपोर्ट झाला. रिपोर्ट देताना कसली लाज? आणि वेल्डिंग दुसऱ्याने केलं असेल तर तेही स्वच्छ सांगावं. असं सांगणाऱ्याला ‘टीम प्लेयर’ वेगळं लिहावं लागत नाही.

तशीच गंमत ‘नॉलेज ऑफ ऑटोकॅड’ची. म्हणजे नक्की काय येतं? रेघ मारता येते की पूर्ण असेंब्ली ड्रॉइंग काढता येतं? भाषांचं बरं असतं, तिथे मोजपट्टी तयार आहे. जर्मनसाठी ए1 ते सी2, जपानीसाठी 2010 पासून एन5 ते एन1. ‘जर्मन येतं’ लिहिण्यापेक्षा ‘ए2 पास’ लिहिलेलं केव्हाही चांगलं. सॉफ्टवेअरला अशी पट्टी नाही, म्हणून त्यात काय बनवलं तेच लिहायचं. ‘एक्स्पर्ट’ हा शब्द तर फ्रेशरने लांबच ठेवावा. पुढचा प्रश्न त्याच विषयावर येतो, आणि तो सोपा नसतो.

बाहेर अर्ज करणाऱ्यांनी ‘इंजिनिअर’ या शब्दाचाही विचार करावा. आपल्याकडे थर्ड इयरपासूनच सगळे स्वतःला इंजिनिअर म्हणवतात. जर्मनीत मात्र ही पदवी कायद्याने राखलेली आहे, आणि कॅनडातही लायसन्सशिवाय ती नावापुढे लावण्यावर बंधनं आहेत.

‘तुझा वीकनेस काय?’ यावर ‘परफेक्शनिस्ट’ असं उत्तर देणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

रेझ्युमे पाठवण्याआधी एक सोपी टेस्ट करा. त्यातलं एकेक वाक्य मराठीत करून रूममेटला मोठ्याने वाचून दाखवा. ‘मी एक गतिमान आणि ध्येयाने झपाटलेलं व्यक्तिमत्त्व आहे.’ जिथे तो हसेल, ते वाक्य कापा.