मोरीची लादी बदलण्याआधी

आपल्या खोलीत मोरी एकच. आंघोळ तिथेच, भांडी तिथेच, धुणेही तिथेच. लादी डुगडुगू लागली की आपण वरून सिमेंटचा हात मारतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच होते. कारण दुखणे लादीचे नसते, तिच्याखाली मुरणाऱ्या पाण्याचे असते.

ट्रॉम्बेत जमीनही साथ देत नाही. १९७६ मध्ये जनता कॉलनी उठवून लोकांना चीता कॅम्पला आणले, ती जागा खाडीकाठची, सखल आणि दलदलीची होती. अशा भरावावरची जमीन पाणी मुरले की दबते, लादीखाली पोकळी होते.

आधी पाणी कुठले ते ओळखा

दोन दिवस मोरी वापरू नका. ओल कमी झाली, तर दोष लादीच्या फटींत किंवा सांडपाण्याच्या पाइपात आहे. नळाला पाणी आले की ओल वाढत असेल, तर नळाचा पाइप गळतो आहे. पावसात किंवा उधाणाच्या भरतीला खालून ओल चढत असेल, तर पाणी जमिनीतले आहे. तेव्हा नुसती लादी बदलून भागणार नाही, जमिनीची उंची वाढवावी लागेल.

नळाचा पाइप गळत असेल तर थांबू नका. पाणी गेल्यावर रिकामा पाइप त्याच भोकातून आजूबाजूचे घाण पाणी आत ओढतो. कावीळ, विषमज्वर, जुलाब असे घरात येतात. दुरुस्ती होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळूनच घ्या.

कामाचा क्रम

१. वीज बंद करा. लादी ठोकून पाहा. पोकळ वाजेल ती सगळी काढा. खालची ओली माती उपसा आणि खड्डा सुकू द्या.

२. पाइप दुरुस्त करून घ्या. नवा भराव थराथराने धुमसाने ठोका, त्यावर काँक्रीट टाका. खाडीची खारी रेती वापरू नका. खारामुळे लोखंड गंजते आणि ओल धरते.

३. जाळीखाली नहाणी ट्रॅप बसवा. त्यात दोन इंच पाणी साठून राहते, म्हणून गटाराचा वास आणि झुरळे वर येत नाहीत.

४. जाळीकडे पाच फुटांना एक इंच उतार द्या. वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या आणि ते भिंतीवर फूटभर चढवा.

५. जाळी बंद करून दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. चोवीस तासांत पाणी स्पष्टपणे उतरले तर गळती बाकी आहे. ही परीक्षा झाल्याशिवाय मिस्त्रीला लादी बसवू देऊ नका.

ओल्या सिमेंटने कातडी भाजते. हातमोजे आणि गमबूट घाला, मुलांना लांब ठेवा.

मोरी माळ्यावर असेल तर

आधी खालून पाहा. लोखंडी अँगलचे पापुद्रे सुटत असतील तर जुन्या लादीवर नवी बसवू नका. दहा चौरस फुटांवर एक इंच माल म्हणजे पन्नास किलोच्या आसपास वजन. आधी टेकू लावा, अँगल बदला, मग मोरी करा. त्या मोरीखाली कुणीतरी झोपते.

ओल आणि खोकला

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीबद्दल मार्गदर्शक तत्त्वे काढली. ओलसर घरात खोकला, छातीत घरघर आणि दम्याचा त्रास वाढतो, असे त्यांत म्हटले आहे. बुरशी साबणाच्या पाण्याने पुसा, तोंडाला फडके बांधून. पण पाणी थांबले नाही तर ती परत येणारच.

ओलीमुळे क्षयरोग होत नाही. तो रुग्णाच्या खोकल्यातून हवेवाटे पसरतो. म्हणून दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला ओलीवर ढकलू नका. महापालिकेच्या दवाखान्यात बेडक्याची तपासणी मोफत होते. मोरीचे काम चार दिवस पुढे ढकलता येईल, ही तपासणी नको.