घाटवाटेची शिदोरी : यात्रेच्या वाहनात ठेवावयाचे आपत्कालीन साहित्य

पूर्वी यात्रेस निघणाऱ्या मनुष्याच्या खांद्यावर घोंगडी आणि पडशी असे. पडशीत दशम्या, चटणी, गुळाचा खडा, सुंठ, सुईदोरा व चार जुनी फडकी असत. वाट लांबली, नदीला पूर आला अथवा अंधार पडला, तरी दोन दिवस निभावतील एवढी तयारी करूनच तो घर सोडी. आजचा भाविक पहाटे मोटारीने निघतो आणि दर्शन घेऊन रात्री घरी परतण्याचा बेत करतो. साहजिकच गाडीत पूजेचे साहित्य आणि पाण्याच्या एक-दोन बाटल्या यांखेरीज फारसे काही नसते. रस्ते सुधारले, वाहने वेगवान झाली. परंतु सह्याद्रीचा पाऊस, धुके आणि दरडी आहेत तशाच आहेत. भीमाशंकर, त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगगड, प्रतापगडची भवानी यांसारख्या स्थानी ऐन श्रावणात किंवा नवरात्रात जाणाऱ्या प्रत्येक वाहनात संकटकाळची शिदोरी असणे म्हणूनच आवश्यक आहे.

मदत येईपर्यंतचा काळ

घाटात वाहन अडकल्यावर मदत येतेच. मात्र ती येण्यास वेळ लागतो. दि. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. ही वार्ता बाहेर पोहोचली ती तेथे फेरीस गेलेल्या एस.टी.च्या चालकामुळे. डोंगराळ भागात संकटाची बातमी कळण्यासच विलंब होतो, हे या घटनेने दाखवून दिले. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत आंबेनळी घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळून महाबळेश्वर-पोलादपूर मार्ग बंद पडला. दि. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला, तेव्हा असंख्य लोकांना ती रात्र रस्त्यावरच काढावी लागली. पाण्यात बुडालेल्या गाड्यांची दारे न उघडल्याने काही जण आतच गुदमरून दगावले.

अशा प्रसंगी पहिले काही तास प्रवाशाच्या स्वतःच्याच हाती असतात. सोबत तान्हे मूल, वृद्ध आई-वडील किंवा मधुमेहाचा रुग्ण असेल, तर या तासांचे महत्त्व अधिकच वाढते. पुढील यादी या काही तासांचा विचार करूनच दिली आहे.

पाणी, अन्न व ऊब

पिण्याचे पाणी माणशी किमान दोन लिटर असावे; म्हणजे पाच जणांच्या गाडीत दहा लिटर. हे पाणी वाटेत पिण्याच्या पाण्याहून वेगळे व राखीव असावे. उन्हात तापणाऱ्या गाडीत ते महिनोन्महिने ठेवू नये. प्रत्येक यात्रेच्या वेळी बदलावे.

अन्न शिजविण्याची गरज नसलेले व टिकाऊ असावे. भाजलेले शेंगदाणे व गूळ, फुटाणे, खजूर, चिवडा, राजगिऱ्याचे लाडू हे पदार्थ उत्तम. यांपैकी शेंगदाणे, गूळ, खजूर व राजगिरा उपवास करणाऱ्यांनाही चालतात. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने साखर अथवा ग्लुकोजची पुडी हाताशी ठेवावी; उपाशी राहिल्याने रक्तातील साखर एकाएकी उतरल्यास ती जीव वाचविते.

भिजलेल्या अंगाने रात्र काढणे वृद्धांना व बालकांना सोसत नाही. यास्तव दोन घोंगड्या किंवा जाड चादरी, प्रत्येकासाठी कोरड्या कपड्यांचा एक जोड व टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत. सोबत रेनकोट व छत्री असावी. घाटात छत्री वाऱ्याने उलटते, म्हणून गाडीबाहेर काम करताना रेनकोटच उपयोगी पडतो.

प्रकाश व संपर्क

चांगली विजेरी व तिचे जादा सेल ठेवावेत. सेल विजेरीतून काढून वेगळे ठेवल्यास ते गळून विजेरी निकामी होण्याचा धोका राहत नाही. भ्रमणध्वनीचा दिवा विजेरी म्हणून वापरू नये. त्याची बॅटरी संपर्कासाठी राखावी. गाडीत चालणारा चार्जर व भरलेली पॉवर बँक सोबत घ्यावी. मात्र पॉवर बँक तापलेल्या गाडीत सोडून जाऊ नये.

घरचे, डॉक्टरांचे व मुक्कामाच्या ठिकाणचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ व राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हे क्रमांक कुटुंबातील प्रत्येकास पाठ असावेत. आपल्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी त्या जागी दुसऱ्या कंपनीचे असेल, तर ११२ लागू शकतो; म्हणून प्रयत्न सोडू नये. फोनवर घाटाचे नाव, जवळच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा, गाडी चढणीला आहे की उतरणीला, आणि गाडीतील माणसांची संख्या एवढे सांगावे.

औषधे व प्रथमोपचार

नेहमीची औषधे यात्रेच्या दिवसांपेक्षा दोन दिवस अधिक पुरतील इतकी घ्यावीत. प्रथमोपचार पेटीत निर्जंतुक कापूस व गॉज, बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक, कात्री, हातमोजे, तापाच्या व उलटीच्या गोळ्या आणि ओ.आर.एस.ची पाकिटे असावीत. पाकीट संपल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोट-घोट पाजावे. जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे. अपघातात मान किंवा पाठ दुखावलेल्या मनुष्यास आग वा पाण्याचे भय नसेल तर ओढून बाहेर काढू नये.

वाहनासंबंधी साहित्य

स्टेपनी, जॅक व चाकाचा पाना जवळपास प्रत्येक गाडीत असतो. परंतु स्टेपनीत हवा आहे की नाही, हे फार थोडे जण पाहतात. निघण्यापूर्वी ती तपासावी. याशिवाय गाडी ओढण्याचा मजबूत दोर, बॅटरीस जोडण्याच्या तारा, जादा फ्यूज आणि उतारावर चाकाखाली लावण्यासाठी दोन लाकडी ठोकळे ठेवावेत.

परावर्तक लाल त्रिकोण अत्यंत महत्त्वाचा आहे. गाडी बंद पडल्यास तो वळणाच्या अलीकडे, मागून येणाऱ्या चालकास वेळीच दिसेल अशा अंतरावर ठेवावा. धुक्यात उभ्या गाडीवर दुसरी गाडी आदळण्याचा धोका याने कमी होतो. रस्त्यावर दगड मांडले असल्यास गाडी सुरू होताच ते न विसरता उचलावेत. मागे राहिलेला दगड रात्री दुचाकीस्वाराचा घात करतो.

काच फोडण्याची टोकदार हातोडी व पट्टा कापण्याचे पाते चालकाच्या हातास लागेल अशा जागी असावे. डिकीत ठेवलेली हातोडी पाण्यात कामास येत नाही. गाडी पाण्यात शिरल्यास प्रथम पट्टा सोडावा व वीज चालू आहे तोवर खिडकी उघडावी. ती न उघडल्यास बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर आघात करावा. समोरची काच थरांची असल्याने सहसा फुटून वाट देत नाही. मुलांना आधी बाहेर काढावे. लहान अग्निशामक नळकांडे आसनाखाली घट्ट बसवावे व त्यावरील काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे पाहत जावे.

घाटाच्या पायथ्याशी इंधनाची टाकी निम्म्याहून अधिक भरलेली असावी. सी.एन.जी. गाडीत पेट्रोलही पुरेसे ठेवावे, कारण डोंगरात गॅसचे पंप विरळ असतात.

काय टाळावे

डब्यातून जादा पेट्रोल नेऊ नये. कापूर, काडेपेटी व दिव्याचे तेल समोरच्या काचेखाली उन्हात ठेवू नये. बंद डब्यात घालून सामानाच्या जागी ठेवावे. बंद गाडीत स्टोव्ह, निरांजन किंवा उदबत्ती पेटवू नये. इंजिन तापल्यास रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते. चिखलाने सायलेन्सरचे तोंड बुजले असताना इंजिन व वातानुकूलन चालू ठेवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस वास नसतो; त्यामुळे झोपलेल्यास तो कळतही नाही. कड्याखाली, धबधब्यालगत किंवा ओढ्याच्या काठी गाडी थांबवू नये.

साहित्याची मर्यादा

पेटी कितीही परिपूर्ण असली, तरी ती धोका पत्करण्याचा परवाना नव्हे. दि. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्यांसह अन्य वाहने प्रवाहात गेली. त्या अंधारात कोणत्याही साहित्याचा उपयोग नव्हता. दीड-दोन फूट वाहते पाणीसुद्धा बहुतेक लहान गाड्या ओढून नेऊ शकते. पुलावरून पाणी वाहत असेल, पोलिसांनी मार्ग अडविला असेल अथवा हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा दिला असेल, तर यात्रा पुढे ढकलावी. सोमवार हुकला म्हणून देव रुसत नाही. गाडीत शिदोरी असली की परत फिरण्याचा किंवा वाटेत मुक्काम करण्याचा निर्णय घेणे सोपे जाते, हाही तिचा मोठा लाभ आहे.

शिदोरी सर्वांची

वाटेवर भेटलेल्यास घास द्यावा, ही यात्रेची जुनी रीत आहे. घाटात अडकलेल्या शेजारच्या गाडीत मूल रडत असेल, तर आपले पाणी व घोंगडी त्याचीही आहे, असे मानावे. अपघातग्रस्तास हात देताना पोलीस-कचेरीच्या भीतीने मागे सरू नये. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ अन्वये समाविष्ट झालेल्या कलम १३४-अ ने सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले आहे.

भजनी मंडळांना किंवा गावातील वृद्धांना स्वखर्चाने यात्रा घडविणारे अनेक दाते आहेत. त्यांनी गाडीच्या भाड्याबरोबर पाणी, चादरी, विजेरी व प्रथमोपचार पेटी यांचीही तजवीज केल्यास त्यांचे पुण्यकर्म खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.

दसऱ्यास घरोघरी वाहनाची पूजा होते. त्या दिवशी फुलांची माळ घालण्यापूर्वी ही पेटी उघडावी. मुदत संपलेली औषधे, जुने सेल व शिळे खाद्य बदलावे. पावसाळ्याच्या आरंभी पुन्हा एकदा पाहणी करावी. वर्षातून या दोन वेळा घातलेला अर्धा तास एखाद्या रात्री सगळ्या कुटुंबास तारून नेईल. पेटी न उघडताच घरी परत आली, तर ती व्यर्थ वाहिली असे समजू नये. सर्व माणसे सुखरूप घरी पोहोचली, हेच यात्रेचे फळ होय.