दंडातली सुई आणि जखमेतली

कुत्रा चावल्यावर दंडात सुई टोचली की घरचे निर्धास्त होतात. आमचेही झाले. तिसरीतल्या पुतण्याच्या पोटरीत दात खोल रुतले होते. शेजारणीने मिरचीपूड आणली, ती वहिनीने भरू दिली नाही, हे नशीब. दवाखान्यात लस मिळाली. ‘आता पोटात चौदा घ्यावी लागत नाहीत’ म्हणून आजीही खूश. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला जिल्हा रुग्णालयात नेलं, तर तिथल्या सिस्टरनी केसपेपर चाळून विचारलं, “जखमेत सीरम दिलंय का?” ते कुणी दिलंच नव्हतं.

मला वाटलं, लस असताना आणखी हे कशाला? डॉक्टरांनी समजावलं ते असं. लस म्हणजे संरक्षण नव्हे, संरक्षण तयार करण्याची सूचना. टोचलेल्या लसीचे अंश आपल्या पेशी जवळच्या लसिका गाठींपर्यंत नेतात. तिथल्या असंख्य पेशींपैकी या विषाणूला ओळखणाऱ्या मोजक्याच असतात. त्यांनी वाढायचं, मग प्रतिपिंडं बनवायची. यात 7 ते 14 दिवस जातात. इकडे रेबीजचा विषाणू जखमेजवळच्या नसेत शिरायची वाट पाहत असतो. एकदा नसेत गेला की प्रतिपिंडं त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत. मेंदू गाठून लक्षणं दिसू लागली, की उपाय जवळजवळ संपलेच.

मधले हे दिवस भरून काढायला सीरम. दुसऱ्याच्या, म्हणजे माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तातली तयार प्रतिपिंडं थेट जखमेत भरतात. आता प्रयोगशाळेत बनवलेलीही मिळतात. ही उसनी ताकद लगेच कामाला लागते, पण काही आठवड्यांत ओसरते. तोवर स्वतःची तयार झालेली असते. तयार प्रतिपिंडं एकाची दुसऱ्याला देता येतात, हे बेरिंग आणि कितासातो यांनी 1890 मध्येच दाखवलं होतं. तरी आजही दंडातल्या सुईवर रुग्णाची बोळवण होते, याचा मला राग येतो.

पुतण्याला सीरम वेळेत मिळालं. जखमेभोवती सुया घेताना त्याने रुग्णालय डोक्यावर घेतलं होतं, ते सोडा.

तेव्हा चावल्याबरोबर साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम 15 मिनिटं धुवा, घड्याळ लावून. विषाणूभोवतीचं आवरण स्निग्ध असतं, साबणाने ते फुटतं. हळद, चुना, तिखट काही भरू नका. रक्त आलं असेल, मग ते ओरखड्यातून का असेना, तर लसीसोबत सीरमही स्वतःहून मागा. तिथे नसेल तर कुठे मिळेल ते विचारून त्याच दिवशी निघा. पहिल्या दिवशी राहून गेलं तर लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं. पुढे शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवू लागलेलं असतं. टाके घालायची घाई करू देऊ नका, घालावेच लागले तर सीरमनंतर. पुढच्या तारखा चुकवू नका: दंडाच्या स्नायूत घेत असाल तर 0, 3, 7, 14, 28, कातडीत घेत असाल तर 0, 3, 7, 28.

आणि कार्ड फेकू नका. कोर्स पूर्ण झालेल्याच्या शरीरात स्मृतिपेशी उरतात. पुन्हा कुत्रा चावला तर दोनच डोस पुरतात, 0 आणि 3 या दिवशी, सीरमही लागत नाही. पण पुरावा नसेल, तर डॉक्टर सगळं पहिल्यापासून सुरू करतात.