तीन आण्यांचा हिशेब

इ. स. १९३४ च्या जानेवारी महिन्याची १५ तारीख. दुपारचे दोन वाजून गेले होते. उत्तर बिहारातील लोक आपापल्या उद्योगात मग्न असता एकाएकी धरणी हादरू लागली. पाहता पाहता मुंगेर शहर जमीनदोस्त झाले. मुझफ्फरपूर व दरभंगा येथेही हाहाकार उडाला. बिहार व शेजारचे नेपाळ मिळून दहा हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली. जमीन दुभंगून तिच्यातून पाणी व वाळू उसळली. विहिरी वाळूने बुजल्या आणि पिकाऊ शेतांवर वाळूचे थर पसरले. जे वाचले त्यांना राहावयास घर नाही, प्यावयास पाणी नाही आणि पेरावयास शेतही नाही, अशी स्थिती झाली.

बाबू राजेंद्रप्रसाद त्या वेळी ब्रिटिश सरकारचे बंदिवान होते व आजारी असल्यामुळे पाटण्याच्या रुग्णालयात होते. दोन दिवसांनी त्यांची सुटका झाली. प्रकृतीची पर्वा न करता त्यांनी साहाय्य समिती उभारली आणि देशाला मदतीची हाक दिली. त्या हाकेला देशाच्या कानाकोपऱ्यांतून ओ मिळाली. धान्य, कपडे, कांबळी येऊ लागली. लक्षावधी रुपये जमले. स्वयंसेवक विहिरी उपसू लागले, झोपड्या उभारू लागले.

निधी जमविणे कठीण खरेच. परंतु तो गरजवंतापर्यंत पोहोचविणे त्याहून कठीण. गावोगाव शेकडो हातांनी खर्च होणाऱ्या पैशावर नजर कोणी ठेवावी? हे काम जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे आले. मराठ्यांच्या राज्यामुळे आपल्या परिचयाचे असलेले तंजावर हे त्यांचे जन्मस्थान. लंडनला हिशेबशास्त्र शिकून त्यांनी मुंबईत व्यवसाय केला होता व पुढे तो सोडून ते गांधीजींच्या कार्यात आले होते. माणूस मोठा कडक! दात्याने दिलेली पै आणि पै भूकंपग्रस्तांची आहे, कार्यकर्त्यांची नव्हे, असा त्यांचा दंडक होता. म्हणून स्वयंसेवकाच्या जेवणासाठी त्यांनी दिवसाला अवघे तीन आणे ठरवून दिले. त्या काळी रुपयाचे १६ आणे होत, हे ध्यानात घेतले म्हणजे ही रक्कम किती बेताची होती ते कळेल.

मार्च महिन्यात स्वतः गांधीजी बिहारात आले. त्यांच्यासमवेत परिवार होता, आणि त्यांच्या आहाराचा खर्च तीन आण्यांत भागणारा नव्हता. आता हिशेबनीसाने काय करावे? ज्यांच्या शब्दाखातर लोक तुरुंगात जात, त्यांच्यासाठी नियम थोडा सैल केला असता तर कोणी बोट दाखविले नसते. परंतु गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांना कुमारप्पांनी स्पष्ट कळविले, की हा खर्च साहाय्यनिधीतून देता येणार नाही; त्याची तरतूद अन्य मार्गाने करावी. महादेवभाईंना हे रुचले नाही, आणि गोष्ट गांधीजींच्या कानी गेली.

गांधीजींनी कुमारप्पांना विचारले. निधी कोणासाठी गोळा झाला आहे व स्वयंसेवकांना काय नियम लावला आहे, ते कुमारप्पांनी शांतपणे सांगितले. गांधीजींना ते तत्काळ पटले, आणि त्यांच्या परिवाराच्या खर्चाचा भार निधीवर पडला नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या कारभाराची धुरा गांधीजींनी या कडक हिशेबनीसाच्याच खांद्यावर ठेवली.