धानाचं पातं आणि मायचा डोळा

१. धानाचं पातं लागलं की डोळा त्याच दिवशी दाखवायचा. लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या बांधीत भारे बांधताना मायच्या उजव्या डोळ्याला पातं लागलं. "काही होत नाही बाबू, कापणी आटपू दे," ती म्हणाली. मी ऐकलं.

२. मेडिकलमधून मागून आणलेले थेंब घालू नयेत. मी आणले. दोन दिवस लाली उतरली, आम्ही निर्धास्त झालो. त्यात स्टेरॉइड होतं. पात्यासोबत बुरशी डोळ्यात गेली होती, तिला त्याने रान मोकळं झालं. बुबुळावर पांढरा डाग पडला, आत पू साचला. नागपूरला बुबुळ खरवडून तपासलं, मग नाटामायसिनचे थेंब सुरू झाले. दर तासाला, रात्रीसुद्धा. आम्ही भावंडांनी पाळ्या लावल्या.

३. ऑपरेशनआधी सगळं विचारून घ्यावं. बुबुळ फुटायला आलं तेव्हा रोपण ठरलं. डॉक्टर म्हणाले, "आत जाळं धरलंय, ते विरघळवायला टीपीए देऊ." मी दचकलो. लकव्याच्या रुग्णाला पहिल्या साडेचार तासांत रक्ताची गाठ विरघळवायला देतात, तेच हे औषध! पण रक्त गोठताना फायब्रिनचे जे धागे बनतात, तेच सुजलेल्या डोळ्यातही पाझरतात. बाहुलीभोवतीच्या पडद्याला आणि भिंगाला चिकटतात. चिमट्याने ओढले तर पडदा फाटतो, रक्त येतं. तसेच ठेवले तर डोळ्यातल्या पाण्याची वाट अडून दाब वाढू शकतो. औषधाने ते सैल होतात, अलगद निघतात. मोठ्या कुपीत ५० मिलिग्रॅम असतं. डोळ्याला साधारण २५ मायक्रोग्रॅम पुरतं, कुपीचा दोन हजारावा भाग. त्यानेही रक्तस्राव होऊ शकतो, हे त्यांनी सहीआधीच सांगितलं. बुरशी मात्र याने मरत नाही. तिचे थेंब ऑपरेशननंतरही चालूच राहिले.

४. हे रोपण डोळा वाचवायला असतं, नजरेसाठी नाही. मायला हे मी आधी सांगितलं नाही. पट्टी सुटली आणि ती म्हणाली, "अंधारच आहे गा." नजरेसाठी पुढे दुसरं रोपण लागू शकतं.

५. ते बुबुळ कुणाच्या तरी घरच्यांनी रडता रडता दिलेलं होतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावं लागतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यालाही ते करता येतं. आमच्या घरात आता सगळ्यांनी तसं सांगून ठेवलं आहे.

६. यंदा कापणीच्या बायांसाठी साधे चष्मे आणले. घामाने कुणी काढून ठेवला की धुऱ्यावर बसलेली माय हाक मारते.