अॅप काढून टाकण्याआधी

पोरांनो, घरातल्या आबांचे, जिजीचे फोन अडले की तुमच्याच हातात येतात, म्हणून हे तुमच्या कानावर घालतो.

मृगाच्या तोंडावर कपाशीचं बियाणं घ्यायचं असतं, पीककर्ज मंजूर व्हायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच 'पाच मिनिटांत कर्ज' देणारं अॅप समोर येतं. आठवड्यात वसुली सुरू. मग शिव्या, नातेवाइकांना मेसेज, फोटोंची विटंबना. माणूस घाबरून आधी अॅपच काढून टाकतो. थांबा. तुमच्या फोनातून ते गेलं तरी स्टोअरवर राहतंच, आणि उद्या यावलच्या नाहीतर शिंदखेड्याच्या दुसऱ्या कुणाला गाठतं.

खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र सगळं सोडून १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेला कळवा. तिथे मिनिटं मोलाची असतात.

पैसे शाबूत असतील तर पुरावा धरा. धमकीचे, व्याजाचे, मागितलेल्या परवानग्यांचे स्क्रीनशॉट घ्या. अॅपच्या पानाची लिंक कॉपी करून ठेवा. एकाच नावाची, एकाच चित्राची दहा अॅप्स असतात. नेमकं कोणतं ते लिंकवरूनच कळतं. बनवणाऱ्याचं नावही टिपा, त्याची दुसरी अॅप्स तिथेच सापडतात.

आता तक्रार. प्ले स्टोअरवर अॅपच्या पानावर वर कोपऱ्यात तीन टिंबं आहेत, त्यात अॅप अयोग्य असल्याचं कळवण्याचा पर्याय मिळतो. आयफोनवर अॅपच्या पानावर खाली समस्या कळवण्याची लिंक असते. एक तारा देऊन खाली राग लिहिला तर पुढचा माणूस सावध होईल, पण ती तक्रार नव्हे. 'फ्रॉड आहे' एवढंच लिहून भागत नाही; कोणता नियम मोडला ते लिहा. गूगलने कर्जाच्या अॅप्सना फोनमधले संपर्क आणि फोटो पाहायला ३१ मे २०२३ पासून बंदी घातली आहे. साठ दिवसांच्या आत पूर्ण परतफेड मागणारं कर्जही त्यांच्या नियमात बसत नाही. ही दोन वाक्यं आणि सोबत तुमची तारीख, रक्कम, एवढं पुरे.

कोण ऐकतं, असं म्हणू नका. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत सुमारे ११०० कर्ज-अॅप्स आढळली, त्यांतली ६०० बेकायदा होती. पुढे सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने २२०० हून अधिक हटवली. रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवरही तक्रार घालाच. बँकेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांच्या अॅप्सची यादी आहे, कर्ज घेण्याआधी तीच बघावी.

व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका, चलान किंवा पीएम किसानच्या नावाने एपीके फाइल आली तर प्रकरण वेगळं. ती स्टोअरवर नसतेच. उघडली गेली असेल तर फोनचं इंटरनेट लगेच बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेशी बोला, फाइल पाठवणाऱ्याचा नंबर व्हॉट्सअॅपलाच रिपोर्ट करा.

कर्जाच्या अॅपवरून धमकी आली की एक काम मात्र त्याच दिवशी उरका. भाऊबंदांच्या ग्रुपवर स्वतःहून लिहा: माझ्या नावाने घाण फोटो, मेसेज येतील, उत्तर देऊ नका, पैसे भरू नका. धमकावणाऱ्यांची सगळी ताकद तुमच्या लाजेत असते. जिजीला रागावू नका. तिला सोबत घेऊन जळगाव किंवा धुळ्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा, स्क्रीनशॉटच्या छापील प्रती बरोबर न्या, आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय निघू नका.